महोत्सवाचे वर्ष आणि जमिनीचा विसावा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



परमेश्वराच्या कृपेने आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण झाली. या काळात येथे कोणी काय पेरले, कोणी काय सोसले आणि या ख्रिस्तमंदिराचा पाया कोणाच्या हातांनी घातला गेला, याविषयी आमच्याहून अधिकारी असे वक्ते बोलतील. आम्हांस नेमून दिलेला विषय निराळा आहे. ज्या डोंगरांच्या पायथ्याशी आपली गावे वसली आहेत त्या डोंगरांवर पडणारे पाणी, ते जेथून वाहत येते तो पाणलोट, आणि तो राखण्यासाठी पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील गावकऱ्यांनी केलेले उद्योग, हा तो विषय होय. सुवर्णमहोत्सवाच्या मंडपात ओढ्यानाल्यांची कथा कशास, अशी शंका कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे निरसन प्रथम केले पाहिजे.

महोत्सव ही कल्पना आपणांस पवित्र शास्त्राच्या लेवीय नामक ग्रंथातून लाभली. त्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने इस्राएल लोकांस आज्ञा केली की दर सातव्या वर्षी जमिनीस विसावा द्यावा. तीत पेरू नये, छाटू नये. त्या वर्षी जे आपोआप उगवेल ते धन्याने एकट्याने खाऊ नये. ते दास, मोलकरी, परका, गुरे आणि रानातील पशू या सर्वांच्या वाट्याचे आहे. अशी सात सप्तके लोटली म्हणजे पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकावे, ज्याचे वतन गेले असेल त्यास ते परत मिळावे, जो दास झाला असेल त्याने मोकळे होऊन घरी जावे. या सर्व आज्ञांचे कारणही तेथेच दिले आहे. जमीन परमेश्वराची आहे. आपण तीवर वस्तीस आलेले पाहुणे आहोत.

तेव्हा मिरवणूक, मंडप आणि मेजवानी ही महोत्सवाची अंगे खरी; परंतु त्याचा गाभा दोन गोष्टींत आहे : जमिनीचा विसावा आणि तिच्या फळांची वाटणी. आमचे आजचे सांगणे एवढेच की आपल्या जिल्ह्यात ज्या गावांनी आपले पाणी परत मिळविले त्यांनी याच दोन गोष्टी केल्या, आणि जेथे यांपैकी एक विसरली गेली तेथे दुसरीचाही लाभ टिकला नाही.

आता प्रथम आपल्या नदीकडे पाहू. प्रवरा ही अकोले तालुक्यातील रतनगडाच्या परिसरात सह्याद्रीवर उगम पावते, संगमनेरावरून पूर्वेस वाहते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. तिच्या उगमाजवळ घाटघरास वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून साठ-सत्तर किलोमीटर पूर्वेस यावे तो पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो, व पाऊस चारशे-पाचशे मिलिमीटरांवर येऊन ठेपतो. १९१० ते १९२६ या काळात भंडारदरा येथे धरण बांधले गेले, आणि त्याच्या कालव्यांनी खालच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. परंतु कालव्याचे पाणी उतारानेच जाते. वरच्या पठारांवरील आणि डोंगरकडेच्या गावांस त्याचा थेंब मिळाला नाही. यातून एक चमत्कारिक गोष्ट घडली. एकाच जिल्ह्याच्या खालच्या अंगास ऊस वाढू लागला, आणि वरच्या अंगाची कोरडवाहू माणसे दिवाळीनंतर बैलगाड्या जुंपून दूरदूरच्या फडांत तो ऊस तोडावयास जाऊ लागली. ती परततात ती उन्हाळ्यात. नाताळ गेला, उपवासकाळ गेला, कित्येकदा पुनरुत्थानाचा सणही गेला. मुलांची शाळा बुडाली आणि धर्मशिक्षणही बुडाले. धर्मग्रामाच्या नोंदवहीत नावे आहेत, पण सणाच्या दिवशी बाके रिकामी आहेत, असे ज्या धर्मगुरूंनी पाहिले असेल त्यांस पाण्याचा प्रश्न हा धर्मग्रामाचाही प्रश्न कसा आहे हे निराळे सांगावयास नको.

परंतु चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे काहीच नव्हे काय ? हिशेब करून पाहू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होते. साडेचारशे मिलिमीटर पडला तर एका हेक्टरावर पंचेचाळीस लाख लिटर झाले. हजार हेक्टरांचे शिवार असलेल्या गावावर, दुष्काळी म्हणविणाऱ्या मुलखातही, साडेचारशे कोटी लिटर पाणी परमेश्वर आकाशातून पाठवितो. त्यातले किती आपण थांबवितो, हा प्रश्न आहे.

आपल्या मुलखाची जमीन काळ्या पाषाणाची आहे. या खडकाच्या पोटात पाणी साठावयास जागा थोडी. वरचा मुरूम आणि खालच्या खडकांतील भेगा एवढीच काय ती त्याची कोठी. डोंगरावर गवत व झाडोरा असला म्हणजे पावसाचा मारा त्यांवर झेलला जातो, पाणी सावकाश चालते, मुरते आणि महिनेच्या महिने झऱ्यांवाटे विहिरींस मिळत राहते. परंतु रान तुटले, गवताचे मूळही मेंढराच्या दातांखाली गेले, की तोच पाऊस तासाभरात ओघळीतून धावत सुटतो, शेकडो वर्षांत तयार झालेली माती बरोबर नेतो आणि विहिरीस काही ठेवीत नाही. धरणाचा गाळ तो वरच्या गावाची भाकरी होय.

१९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या आठवणीत अजून ताजा आहे. हजारो लोक खडी फोडावयास गेले. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुढे तिचा कायदा झाला. पाझर तलाव झाले, रस्ते झाले. माणसे जगली ही मोठीच गोष्ट. परंतु डोंगराचा माथा उघडाच राहिला आणि तलाव मात्र पायथ्याशी झाला. तो गाळाने भरला यात नवल नाही.

याच जिल्ह्यात फादर हर्मन बाखर हे येशूसंघीय धर्मगुरू काम करीत होते. ते मूळचे स्वित्झर्लंडचे. १९४८ मध्ये ते भारतात आले आणि २००९ मध्ये मायदेशी परतले. २०२१ मध्ये त्यांचे देहावसान झाले. साठ वर्षांच्या वास्तव्यात त्यांनी या मातीतल्या शेतकऱ्याचे दुःख जवळून पाहिले. शेतकऱ्यांस विहिरी खोदावयास व संकरित गाई घ्यावयास साह्य करणे अशा कामांपासून त्यांच्या सामाजिक कार्याची सुरुवात झाली. पण खोदलेली विहीर भरावी कोणी ? जमिनीत पाणी मुरल्यावाचून विहीर म्हणजे नुसता खड्डा. यावरून त्यांचे लक्ष विहिरीवरून तिच्या वरच्या डोंगरावर गेले. त्यांच्या प्रेरणेने जर्मन सरकारच्या साह्याने आणि नाबार्डच्या द्वारे इंडो-जर्मन पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम १९९२ च्या सुमारास महाराष्ट्रात सुरू झाला, आणि त्यास लोकबळ उभे करून देण्यासाठी १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी 'वॉटर' ही संस्था अहमदनगरास स्थापन केली.

या कार्यक्रमाची खरी विशेषता पैशात नव्हती. ती त्याच्या अटींत होती. प्रथम गावाने चार दिवस श्रमदान करून आपली तळमळ सिद्ध करावी, मग बोलणे. ग्रामसभेने सर्व वस्त्यांतून व सर्व थरांतून पाणलोट समिती नेमावी. कुऱ्हाडबंदी पाळावी, मोकाट चराई बंद करावी, फार पाणी पिणाऱ्या पिकांचा हव्यास धरू नये, आणि अकुशल मजुरीचा सुमारे सहावा हिस्सा श्रमदानाने भरावा. मात्र भूमिहीन आणि एकट्या बाईच्या जिवावर चालणारी गरीब घरे यांस या श्रमदानातून सूट होती. त्यांस पूर्ण मजुरी मिळे. ज्याची जमीन सुधारावयाची त्याने घाम द्यावा, ज्यास जमीनच नाही त्याकडून तो फुकट घेऊ नये, हा न्याय लेवीय ग्रंथाच्या न्यायाशी किती जुळतो, हे आपणच पाहावे.

कामाची रीत 'माथा ते पायथा' अशी. आधी डोंगराच्या माथ्यावर समपातळीत चर खणावयाचे, त्यांच्या भरावावर झाडे व गवत लावावयाचे. मग ओघळींत दगडांचे लहान लहान बांध रचावयाचे, शेतांची बांधबंदिस्ती करावयाची, आणि सर्वांत शेवटी खालच्या नाल्यावर बंधारा घालावयाचा. घाईचा माणूस नेमके उलट करतो. त्यास बंधारा आधी हवा असतो, कारण त्यावर नावाचा दगड बसविता येतो. माथ्यावरच्या चरास नाव नसते. शिवाय प्रत्येक शेताचा बेत तंत्रज्ञाने कचेरीत बसून आखावयाचा नाही. शेतकरी आणि त्याची कारभारीण या दोघांसह शेतात फिरून आणि दोघांची संमती घेऊन आखावयाचा. डोक्यावर हंडा वाहणारीला पाण्याच्या बेतात मत असावे, हे किती उशिराने सुचले !

या रीतीने सुधारलेल्या गावांपैकी संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे उदाहरण आपल्या सर्वांस जवळचे आहे. तेथे पाऊस साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात प्यावयाचे पाणी टँकरने येई, आणि शेतात काम मिळे ते वर्षातून तीन-चार महिने. १९९६ च्या सुमारास काम सुरू झाले आणि पाच वर्षांत पुरे झाले. विहिरींची पाणीपातळी पूर्वी जमिनीखाली सरासरी साडेसहा मीटर होती ती सुमारे तीन मीटरांवर आली. ओलिताचे क्षेत्र १९७ हेक्टरांवरून ३४२ हेक्टरांवर गेले. शेतीचे काम नऊ-दहा महिने मिळू लागले. आकडे रूक्ष असतात. पण या शेवटच्या आकड्यात मुलांची शाळा आहे, घरी साजरा झालेला सण आहे आणि म्हाताऱ्या आईबापांजवळ राहिलेला मुलगा आहे.

मात्र या यशाची किंमत कोणी दिली, हे सांगितल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. रान मिटले म्हणजे जमीनदाराचे काही जात नाही. त्याच्या विहिरीस पाणी चढते. जाते ते मेंढपाळाचे. मेंढरू गोठ्यात बांधून पोसण्याचा प्राणी नव्हे. दरेवाडीतही मेंढपाळांचा चराईबंदीस विरोध झाला, आणि तो अयोग्य होता असे कोण म्हणेल ? ज्याच्या घासावर हात पडतो तो ओरडणारच. तेथे वाटाघाटी झाल्या; सर्व रान एकदम न मिटता टप्प्याटप्प्याने मिटावे, एक भाग विसावा घेत असता दुसरा खुला राहावा, असा मार्ग निघाला. तरीही त्याग झाला तो गरिबाचाच अधिक झाला. जमिनीचा विसावा म्हणजे कोणाच्या तरी पोटाचा उपवास असतो, आणि तो उपवास दर वेळी त्याच माणसाच्या वाट्यास येणे न्यायाचे नव्हे. पाणलोटाची समिती जेथे जेथे बसते तेथे पहिली खुर्ची याच माणसासाठी ठेवली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथून आम्ही दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे वाटणीकडे वळतो. पाणी अडविणे कठीण खरे, पण अडविलेले पाणी वाटून घेणे त्याहून कठीण. टंचाईत गाव एक असते. विहीर भरली की भाऊ भावास ओळखीत नाही. उत्पत्तीच्या ग्रंथात इसहाकाची कथा आहे. अब्राहामाने खोदलेल्या विहिरी शत्रूंनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या व बापाने ठेवलेलीच नावे त्यांस दिली. हे आजच्या भाषेत पुनरुज्जीवनाचेच काम होय. परंतु पुढे त्याच्या चाकरांनी नवी विहीर खोदून जिवंत पाणी लागताच भांडण लागले. त्या विहिरीचे नाव पडले 'एसेक', म्हणजे कलह. दुसरीचे 'सितना', म्हणजे वैर. तिसरीवर मात्र कोणी भांडले नाही. तिचे नाव 'रहोबोथ', म्हणजे ऐसपैस जागा. आपल्या शिवारांतील विहिरींस आज खरी नावे द्यावयाची ठरविली तर किती विहिरी रहोबोथ निघतील, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा.

कारण पाणलोटाचे काम झालेल्या गावांतूनही पुढे काय घडते हे आपण पाहतोच आहोत. पाणी दिसले की कूपनलिका सुटतात. एक दोनशे फूट जातो, शेजारी चारशे, तिसरा त्याहून खोल. काळ्या पाषाणाच्या भेगांतील पाणी सर्वांचे एक असते. खोल जाणारा नवे पाणी निर्माण करीत नाही, तो शेजाऱ्याचे ओढून घेतो. कोणी मोठे शेततळे खणून त्यास प्लॅस्टिकचे अस्तर लावतो आणि विहिरीचे पाणी उपसून ते भरून ठेवतो. सर्वांचे पाणी अशा रीतीने एकाचे होते, व उरलेले उन्हात उडून जाते. गावाने डोंगरावर घाम गाळून साठविलेले पाणी एक श्रीमंत यंत्र आठवड्यात उपसून नेते. महाराष्ट्रात १९९३ मध्येच कायदा झाला आहे की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून पाचशे मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर खोदू नये. परंतु कायदा कागदावर असतो आणि यंत्र रात्री चालते. गावाचे मन वळल्यावाचून या बाबतीत काही होणे नाही.

मन वळल्याची उदाहरणेही दूर शोधावयास नकोत. आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. त्या गावाने पाणलोटाचे काम तर केलेच, पण शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाच्या नाहीत, ऊस व केळी लावावयाची नाहीत, असे निर्बंधही स्वतःवर घालून घेतले. पाऊस संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडते; आधी माणसांस व गुरांस किती लागेल ते बाजूस काढावयाचे, आणि उरेल तेवढ्यावर पिकांचा बेत करावयाचा. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे कै. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा की पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणसावर ठरावा. दर माणशी अर्ध्या एकराचे पाणी, एका कुटुंबास फार तर अडीच एकरांचे; भूमिहीनासही वाटा; आणि ऊस कोणी लावावयाचा नाही. हे लोक आपल्या धर्माचे नव्हते. पण महोत्सवाच्या आज्ञेचा आशय त्यांनी आचरणात आणला, हे कबूल करताना आपणांस संकोच वाटण्याचे कारण नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'लौदातो सी' या परिपत्रकात पिण्याचे शुद्ध पाणी हा प्रत्येक मनुष्याचा मूलभूत हक्क म्हटला आहे. आपण ते परिपत्रक वाचतो. त्यांनी ते न वाचता आधीच पाळले.

आता आपले कर्तव्य काय ? धर्मग्राम म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, आणि आपण गावात थोडे आहोत हेही खरे. परंतु मीठ थोडेच असते. या महोत्सवी वर्षात आपण सर्वांनी मिळून चार गोष्टींचा विचार करावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

पहिली, पूर्वी प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस शेतांच्या भरभराटीसाठी मिरवणुकीने प्रार्थना करण्याची ख्रिस्तसभेत चाल होती. १९६९ च्या नव्या पंचांगानंतर तिची वेळ व रीत ठरविणे प्रत्येक देशाच्या महागुरुस्वामींकडे सोपविले गेले. हा सण बहुधा मे महिन्यात, म्हणजे आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो. धर्मगुरूंची अनुमती असल्यास ती चाल पुन्हा सुरू करावी. मात्र हातात मेणबत्तीबरोबर टिकाव, फावडे आणि घमेलेही असावे. बुजलेले चर उकरावे, ढासळलेले दगडी बांध रचावे. पाणलोटाचे काम एकदा करून संपत नाही. निगा राहिली नाही तर थोड्याच वर्षांत चर मातीने भरून जातो. आणि या कामास सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांस बोलवावे, कारण ओढा कोणाचा धर्म विचारीत नाही.

दुसरी, आपल्यापैकी ज्यांस जमीन आहे त्यांनी नवी खोल कूपनलिका घेण्यापूर्वी शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार करावा, आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा आग्रह धरावा.

तिसरी, मिटलेल्या रानातील गवताचा पहिला वाटा भूमिहीनांस व मेंढपाळांस मिळावा, यासाठी आपण त्यांच्या बाजूने उभे राहावे. स्वतःचा हक्क मागणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्याचा मागणारे विरळा.

चौथी, धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांस वर्षातून एकदा ओढ्याच्या उगमापर्यंत चालवीत न्यावे. स्नानसंस्काराच्या वेळी ज्या पाण्याने आपण नवा जन्म पावतो ते पाणी कोठून येते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा धर्मग्राम उभारला त्यांनी आपणांसाठी एक मंदिर आणि एक विहीर ठेवली. मंदिर आपण या वर्षी रंगविले आहे. विहिरीस रंग चालत नाही. तीस पाणीच लागते, आणि ते डोंगरावर मुरलेले असावे लागते. पुढच्या पन्नास वर्षांनी, म्हणजे या धर्मग्रामाच्या शतकमहोत्सवास, जे येथे जमतील ते आपली नावे विसरलेले असतील, आणि त्यात काही वावगे नाही. परंतु त्या विहिरीत त्यांनी पोहरा सोडला आणि तो भरून वर आला, तर आपण हा महोत्सव खऱ्या अर्थाने साजरा केला असे होईल. ज्या प्रभूने याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीजवळ स्वतः पाणी मागितले, तो आपल्या या उद्योगास आशीर्वाद देवो, आणि आपल्या सर्व विहिरींचे नाव रहोबोथ होवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.